लुआंग प्रबांगची चार दारे

उत्तर लाओसच्या डोंगराळ मुलखात मेकाँग नदीला नाम खान ही उपनदी ज्या ठिकाणी मिळते, तेथे दोन्ही प्रवाहांच्या मध्ये सापडलेल्या चिंचोळ्या भूशिरावर लुआंग प्रबांग हे लहानसे शहर वसलेले आहे. १३५३ मध्ये स्थापन झालेल्या लान शांग राज्याची ही पहिली राजधानी. पुढे सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने राजधानी व्हिएनतियानला हलवली, तरी राजघराण्याचे आणि बौद्ध विहारांचे गाव ही तिची ओळख पुसली गेली नाही. उतरत्या छपरांचे विहार, लाकडी लाओ घरे आणि फ्रेंच अमदानीतील बैठ्या इमारती एकमेकांच्या शेजारी जशाच्या तशा टिकून राहिल्यामुळे युनेस्कोने १९९५ मध्ये या शहराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. एका लाखाहूनही कमी वस्तीच्या या शहरात आज नदीतून, घाटरस्त्याने, विमानाने आणि रेल्वेने अशा चार मार्गांनी पोहोचता येते. यांपैकी प्रत्येक मार्ग वेगवेगळ्या काळी खुला झाला, प्रत्येकाने शहराचे तोंड वेगळ्या दिशेला वळवले, आणि म्हणूनच तेथे कसे जावे हा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा आणि भाड्याचा राहत नाही. शहराचा इतिहास कोणत्या बाजूने वाचायला घ्यावा, याचाही तो प्रश्न ठरतो.

दुर्गमतेने राखलेले शहर

लाओसला समुद्रकिनारा नाही. शतकानुशतके देशाची मुख्य वाट मेकाँग हीच होती, आणि ती वाट सोपी नव्हती. नदीच्या पात्रातील खडक, ठिकठिकाणचे खळाळ आणि देशाच्या दक्षिण टोकाला असलेला खोनचा विस्तीर्ण धबधबा यांमुळे समुद्राकडून येणारे मोठे जहाज वरच्या अंगाला पोहोचणे अशक्यच होते. फ्रेंच निसर्गसंशोधक आंरी मूओ १८६१ मध्ये खुष्कीच्या मार्गाने लुआंग प्रबांगला पोहोचला आणि त्याच वर्षी नाम खानच्या काठी तापाने दगावला. त्याची समाधी आजही शहरापासून काही किलोमीटरांवर त्या नदीच्या तीरावर आहे. मेकाँगमार्गे चीनच्या बाजारपेठेपर्यंत जलवाहतूक करता येईल का, हे पाहण्यासाठी दूदार द लाग्रे आणि फ्रान्सिस गार्निए यांची फ्रेंच मोहीम जून १८६६ मध्ये सायगावहून निघाली, तिला लुआंग प्रबांग गाठायला एप्रिल १८६७ उजाडला. म्हणजे जवळपास अकरा महिने लागले.

या मोहिमेने खोनच्या धबधब्याबद्दलची आशा मावळवली, तरी फ्रेंचांनी नाद सोडला नाही. १८९३ मध्ये लाओस त्यांच्या अमलाखाली आल्यानंतर त्यांनी धबधब्याजवळच्या बेटावर रूळ टाकून लहान आगबोटी जमिनीवरून ओढून पलीकडे नेल्या, आणि त्यांपैकी ‘ला ग्रांदिएर’ ही बोट १८९५ मध्ये लुआंग प्रबांगपर्यंत आली. हीच बोट १९१० मध्ये नदीच्या खळाळात बुडाली आणि तिच्यावरील फ्रेंच सेनापती द बेलिए यांना जलसमाधी मिळाली. वाफेच्या इंजिनालाही न जुमानणाऱ्या या नदीने शहराला व्यापाराच्या मोठ्या प्रवाहापासून दूर ठेवले. कारखाने, गोदामे, उंच इमारती यांची गर्दी येथे झाली नाही. ज्या जुनेपणाचे आज कौतुक होते, तो बऱ्याच अंशी या गैरसोयीचाच परिणाम आहे.

नदीचे दार

शहराची जुनी मांडणी पाहिली, तर त्याचे पुढचे दार नदीकडे होते हे सहज ध्यानात येते. १९०४ मध्ये बांधायला घेतलेल्या राजवाड्याची जागा मेकाँगच्या काठी निवडली गेली, ती पाहुण्यांनी नावेतून उतरून थेट वाड्यात यावे म्हणून. त्याचप्रमाणे वाट शिएंग थोंग या सोळाव्या शतकातील विहाराच्या पायऱ्याही नदीकडेच उतरतात. (‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार.) या दाराने आत शिरण्याची सोय आजही आहे, ती ‘स्लो बोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांबट लाकडी नौकांची. थायलंडच्या चियांग राय शहरातून बसने चियांग खोंगला यायचे, डिसेंबर २०१३ मध्ये खुल्या झालेल्या चौथ्या थाई-लाओ मैत्री पुलावरून सीमा ओलांडायची आणि पलीकडच्या हुआय साय गावाच्या धक्क्यावर बोट धरायची, असा हा क्रम आहे. तेथून लुआंग प्रबांगपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर बोट दोन दिवसांत कापते. रात्री नदीत नौका चालवणे धोक्याचे असल्यामुळे मध्ये पाकबेंग या गावी मुक्काम करावा लागतो, आणि तो तिकिटात धरलेला नसल्याने खोलीची व्यवस्था प्रवाशालाच करावी लागते.

या बोटीची रचना पाहण्यासारखी आहे. तळ सपाट, कारण कोरड्या ऋतूत पाणी उथळ होते आणि खोल बुडणारी नौका खडकाला लागते. नाळेजवळ सुकाणूचे चाक घेऊन चालक बसतो, तर इंजिन अगदी मागे असते, त्यामुळे मागच्या बाकावर जागा मिळालेल्या प्रवाशाला दोन दिवस कानठळ्या सहन कराव्या लागतात. प्रवाशांसाठी अनेकदा जुन्या मोटारगाड्यांमधून काढलेल्या खुर्च्या फळ्यांवर बसवलेल्या असतात, आणि इंजिनाच्या पलीकडे चालकाच्या कुटुंबाचे बिऱ्हाड असते, जेथे भात शिजतो आणि कपडे वाळत पडतात. वाटेत कुठल्याशा वाळूच्या पट्ट्यावर बोट टेकते, एखादी बाई तांदळाचे पोते आणि कोंबड्यांची टोपली घेऊन उतरते आणि उभा चढ चढून दिसेनाशी होते. काठावरच्या अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षे बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा हाच होता. याच मार्गावर हलक्या ‘स्पीड बोटी’ही धावतात आणि सहा-सात तासांत पोहोचवतात; मात्र त्यांत प्रवाशांना हेल्मेट घालून बसवावे लागते, आणि पाणी उतरल्यावर उघडे पडणारे खडक लक्षात घेता ही घाई परवडणारी नाही.

नदीचे रूपही आता बदलत चालले आहे. शहराच्या खालच्या अंगाला बांधलेले सायाबुरी येथील १,२८५ मेगावॅटचे धरण २०१९ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यरत झाले आणि त्याच्या फुगवट्यामुळे लुआंग प्रबांगजवळचे पाणी पूर्वीपेक्षा संथ झाले. नाम ऊ या उपनदीवर धरणांची मालिका उभी राहिल्याने नोंग खियावहून शहरापर्यंत थेट बोटीने येण्याची जुनी वाट बंद झाली. शहरापासून सुमारे २५ किलोमीटर वरच्या बाजूला मेकाँगवरच आणखी एका मोठ्या धरणाचे काम चालू असून, ते पूर्ण झाल्यावर हुआय सायहून येणाऱ्या बोटींना ‘लॉक’मधून, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या आणि पाण्याची पातळी वरखाली करून नौका उतरवणाऱ्या हौदातून, जावे लागेल. वारसास्थळाच्या इतक्या जवळ होणाऱ्या या धरणाबद्दल युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने चिंता व्यक्त केलेली आहे.

रस्त्याचे आणि आकाशाचे दार

दुसरे दार रस्त्याचे. व्हिएनतियानहून उत्तरेकडे येणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक १३ वांग व्हिएंग, कासी आणि फू खून यांवरून डोंगरांच्या कडेकडेने वळसे घेत लुआंग प्रबांगला उतरतो. अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास असले, तरी चढ-उतार, अरुंद वळणे आणि पावसाळ्यातल्या दरडी यांमुळे बसला दहा तास लागणे नेहमीचे होते. २०२० च्या अखेरीस व्हिएनतियान ते वांग व्हिएंग हा सुमारे ११० किलोमीटरचा द्रुतगती मार्ग खुला झाल्यावर पहिला टप्पा झटपट पार पडू लागला, तरी खरा घाट त्याच्या पुढेच आहे. तरीदेखील कासीच्या पुढच्या चुनखडीच्या सुळक्यांचा देखावा, रस्त्याला लागून असलेली ह्मोंग आणि खमू समाजांची खेडी आणि मधूनच ढगांत शिरणारी खिंड यांसाठी हा मार्ग मुद्दाम निवडणारे प्रवासी, विशेषतः मोटारसायकलस्वार, कमी नाहीत. लाओसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे डाव्या बाजूची सवय असलेल्या भारतीय चालकाने गाडी हाती घेण्यापूर्वी मनाशी पक्के करायला हवे. व्हिएतनाममधील हनोईहूनही बस येते. परंतु डोंगरातून येणारा तो प्रवास चोवीस तासांच्या घरात जातो.

विमानतळ शहराच्या अगदी जवळ, साधारण चार किलोमीटरांवर आहे. तेथील नवी इमारत २०१३ मध्ये वापरात आली आणि तेव्हापासून मोठी विमाने उतरण्याची सोय झाली. तेथून मुख्यतः बँकॉक आणि हनोईशी विमानसंपर्क आहे. मुंबई किंवा पुण्याहून निघणाऱ्या पर्यटकाला सर्वांत सरळ वाट बँकॉकवरून पडते, कारण तेथून विमान, रेल्वे, बस किंवा चियांग रायमार्गे बोट असे चारही पर्याय उघडे राहतात; मात्र लाओसचा व्हिसा कोणत्या सीमाठाण्यावर मिळतो आणि ऑनलाइन व्हिसा कोठे चालतो, हे मार्ग ठरवण्याआधीच पाहून घ्यावे लागते. ऋतूचाही विचार करावा लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर लाओस आणि शेजारच्या भागात शेतीसाठी जंगलाचे पट्टे जाळले जातात. त्यांच्या धुराने दरी भरून जाते, त्या दिवसांत दृश्यमानता कमी होऊन विमानांचे वेळापत्रक कोलमडू शकते आणि नदीवरून दिसणारे डोंगरही धूसर होतात.

रेल्वेचे दार

या सर्व वाटांचे आपापसातील महत्त्व ३ डिसेंबर २०२१ रोजी बदलले. त्या दिवशी चीनच्या सीमेवरील बोतेनपासून व्हिएनतियानपर्यंतचा ४२२ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. सुमारे सहा अब्ज डॉलर खर्चाच्या या प्रकल्पात ७० टक्के वाटा चिनी भागीदारांचा आणि ३० टक्के लाओसचा आहे. लाओससारख्या लहान अर्थव्यवस्थेवर त्यामुळे पडलेला कर्जाचा भार हा वेगळ्या चर्चेचा विषय असला, तरी प्रवासाच्या दृष्टीने झालेला बदल नाट्यमय आहे. मार्ग एकेरी, विजेवर चालणारा आणि ‘स्टँडर्ड गेज’चा, म्हणजे दोन रुळांमध्ये १,४३५ मिलिमीटर अंतर असलेला आहे. ताशी १६० किलोमीटर वेगासाठी बांधलेल्या या मार्गावर व्हिएनतियान ते लुआंग प्रबांग हे अंतर जलद गाडी जेमतेम दोन तासांत कापते. एप्रिल २०२३ पासून व्हिएनतियान आणि चीनमधील कुनमिंग यांच्यात सीमेपलीकडे जाणारी प्रवासी गाडीही धावू लागली असून १,०३५ किलोमीटरचा तो प्रवास सुरुवातीला सीमेवरील तपासणी धरून साधारण साडेदहा तासांचा होता.

एवढा वेग डोंगराळ प्रदेशात शक्य झाला तो डोंगर टाळून नव्हे, तर पोखरून. लाओसमधील या मार्गावर ७५ बोगदे असून त्यांची एकूण लांबी सुमारे १९८ किलोमीटर भरते. त्याखेरीज १६७ पूल आहेत, आणि मेकाँग दोनदा ओलांडावी लागते. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरांमध्ये बोगद्यांची लांबी सुमारे ८४ किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे लाओसच्या मार्गाचे जवळपास अर्धे अंतर भूगर्भातून जाते याचा अर्थ मराठी वाचकाला नेमका उमजेल. बांधकामापूर्वी आणखी एक काम करावे लागले: १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले होते, त्यांतील न फुटलेले बाँब जमिनीत पडून असल्यामुळे मार्गाची जमीन तपासून आणि साफ करून घ्यावी लागली.

रेल्वेचा प्रवाशाला येणारा अनुभव रेल्वेस्थानकापेक्षा विमानतळाशी अधिक जुळतो. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो. स्थानकात शिरताना सामान यंत्रातून जाते. चाकू आणि दाबाखाली भरलेले फवारे काढून घेतले जातात. आणि गाडी सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी हजर राहावे लागते. आयत्या वेळी खिडकीवर जाऊन तिकीट काढण्याच्या भरवशावर राहणे, विशेषतः सुट्ट्यांच्या दिवसांत, शहाणपणाचे नाही. थायलंडहून येणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै २०२४ पासून बँकॉकहून व्हिएनतियानपर्यंत थेट गाडी धावते खरी, परंतु ती एक मीटर रुंदीच्या, म्हणजे ‘मीटर गेज’च्या रुळांवरून खामसावात या स्थानकात येते, लाओस-चीन मार्गाचे व्हिएनतियान स्थानक त्याहून वेगळे आणि काही किलोमीटर दूर आहे. रुळांची रुंदीच भिन्न असल्याने एका मार्गाची गाडी दुसऱ्यावर जाऊ शकत नाही, आणि मधले अंतर टॅक्सीने किंवा बसने पार करावे लागते.

शेवटचे काही किलोमीटर

चारही वाटांनी येणाऱ्यांना एक गोष्ट समान लागू होते: यांपैकी एकही वाट आज जुन्या शहरात थेट पोहोचवत नाही. रेल्वेस्थानक शहराबाहेर दहा-पंधरा किलोमीटरांवर आहे. दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या बसचे थांबे भूशिराच्या बाहेर आहेत. आणि हुआय सायहून येणारी बोटसुद्धा प्रवाशांना राजवाड्याखालच्या घाटावर न आणता शहराच्या वरच्या अंगाला सुमारे दहा किलोमीटरांवरील धक्क्यावर उतरवते. पुढचा टप्पा सामायिक मिनीव्हॅन, टुकटुक किंवा सोंगथेव यांचा. सोंगथेव म्हणजे मागच्या हौद्यात समोरासमोर दोन लांब बाके बसवलेली छपराची मालमोटार. ती भरेपर्यंत सुटत नाही, आणि भाडे माणशी ठरते. टुकटुकचे भाडे बसण्यापूर्वी ठरवून घेणे इष्ट, आणि ज्यांना घासाघीस नको त्यांना ‘लोका’ या लाओ ॲपवरून गाडी मागवता येते.

या गैरसोयीला एक चांगली बाजू आहे. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोठ्या बसना आणि मालमोटारींना मज्जाव असल्यामुळे भूशिराचा भाग पायी फिरण्याजोगा राहिला आहे. राजवाड्यापासून दोन्ही नद्यांच्या संगमापर्यंत रमतगमत गेले, तरी अर्धा तास पुरतो; मध्ये फू सी ही टेकडी उभी आहे, तिच्यावर फक्त पायऱ्यांनीच चढता येते. पहाटे भिक्खू अनवाणी रांगेने भिक्षेसाठी निघतात, त्या वेळी तर पायी चालणे, रांगेपासून अंतर राखणे आणि कॅमेऱ्याचा झगझगीत प्रकाश टाळणे हीच रीत पाळायची असते. भाड्याच्या सायकली जवळपास प्रत्येक अतिथिगृहात मिळतात. नाम खान ओलांडायला फ्रेंच काळातला जुना लोखंडी पूल आहे. त्यावरून मोटारींना जाता येत नाही, दुचाकी मधून धावतात आणि पादचारी दोन्ही कडांना जोडलेल्या फळ्यांच्या वाटेने जातात.

संगमाजवळ त्याच नदीवर बांबूचा एक पूल असतो, आणि तो वर्षभर नसतो. पावसाळा सरून पाणी उतरले की बांबूचे खांब फुलीच्या आकारात रोवून, त्यांवर आडवे दांडे आणि वर विणलेल्या बांबूच्या चटया अंथरून तो उभारला जातो. एका टोकाला खोपटात बसलेला माणूस प्रत्येकाकडून थोडासा पथकर घेतो, आणि त्या पैशातून पुलाची डागडुजी होते. पुढच्या पावसाच्या तोंडावर तो उतरवून घेतात, कारण उतरवला नाही तर पूर तो नेतोच. पलीकडच्या तीरावरची पायवाट आणि विणकरांची वस्ती पाहायची असेल, तर कोरड्या ऋतूत हाच जवळचा रस्ता. मेकाँगच्या पलीकडील चोम्फेतला जाण्यासाठी राजवाड्याजवळच्या घाटावरून फेरीबोट सुटते. तिच्यावर माणसे, दुचाकी आणि मोटारी एकत्रच चढतात.

शहराबाहेर सर्वाधिक वर्दळ असते ती सुमारे ३० किलोमीटरांवरील कुआंग सी धबधब्याकडे. चुनखडी विरघळलेल्या पाण्यामुळे तेथील डोह निळसर हिरवे दिसतात. तेथे जाण्यासाठी सकाळी सामायिक मिनीव्हॅन सुटतात. तीन-चार जण असतील तर टुकटुक परवडते. आणि भाड्याची स्कूटर घेणाऱ्याला वाटेतल्या गावांत थांबण्याची मुभा मिळते. वाहनतळापासून प्रवेशापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या ठेवलेल्या आहेत. स्कूटर घेताना आंतरराष्ट्रीय परवाना आणि हेल्मेट जवळ असावे, गाडीवरचे जुने ओरखडे आधीच फोटोत टिपून ठेवावेत आणि तारण म्हणून पासपोर्ट देऊ नये, कारण वाद झाल्यास तोच अडकून पडतो. नाम ऊच्या संगमासमोरील पाक ऊ गुहा बुद्धमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे शहराच्या घाटावरून बोटीने जाता येते, प्रवाहाविरुद्ध जाताना दोन तास आणि परतताना त्याहून बराच कमी वेळ लागतो. दोन दिवसांचा नदीप्रवास ज्यांना जमणार नाही, त्यांना मेकाँगची ओळख करून घ्यायला ही फेरी पुरेशी आहे.

कोणता मार्ग केव्हा

वेळ मोजका असेल, तर बँकॉकहून विमानाने येऊन परतताना रेल्वेने व्हिएनतियान गाठणे सोयीचे. हाताशी आठवडा असेल आणि ऋतू नोव्हेंबर ते जानेवारीचा असेल, तर येताना चियांग रायमार्गे बोट आणि जाताना रेल्वे ही जोडी उत्तम ठरते. तीत जुने दार आणि नवे दार दोन्ही पाहून होतात. भर पावसात डोंगरातला रस्ता शक्यतो टाळावा. वृद्ध प्रवाशांनी बोटीऐवजी रेल्वे निवडावी, कारण बोटीच्या धक्क्यांवरच्या पायऱ्या उंच आणि निसरड्या असतात.

रेल्वेमुळे दहा तासांचे अंतर दोन तासांवर आले, तशी येणाऱ्यांची संख्या वाढली आणि अतिथिगृहे, उपाहारगृहे, वाहने यांचा दाबही वाढला. ज्या दुर्गमतेने शहर राखले ती आता उरलेली नाही, आणि ती परत आणावी असे कोणी म्हणणारही नाही; दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी, बाजारासाठी प्रवास करणाऱ्या लाओ कुटुंबाला या रेल्वेचे मोल पर्यटकापेक्षा कितीतरी अधिक आहे. मग राखणीचे काम उरते ते त्या शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांवर. स्थानक शहराबाहेर राहिले, मोठ्या बस भूशिराबाहेर थांबल्या आणि आतले अंतर पायी, सायकलीने किंवा टुकटुकने कापण्याची प्रथा टिकली, तर वेगाचा लाभ घेऊनही शहराची जुनी घडण सांभाळता येईल. या नियमाला अपवाद करण्याचे आमिष प्रत्येक नव्या हॉटेलाबरोबर वाढणार आहे, आणि लुआंग प्रबांगच्या नगरव्यवस्थेची खरी परीक्षा तेथेच होणार आहे.